विनंतीपत्र शिकवताना : वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रलेखनावरचे प्रश्न इतके आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवले आणि पूर्ण कॉलम यालाच दिला. बरेच प्रश्न शिक्षकांचे आहेत, काही आईबाबांचे, आणि एक खुद्द दहावीतल्या मुलीचा. नावं कोणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : ताई, मी आठवी-नववीला मराठी शिकवते. मुलांना विनंतीपत्राचा फॉर्मॅट तोंडपाठ आहे, तारीख, प्रति, विषय, महोदय, सगळं जागच्या जागी. पण मधला मजकूर वाचला की जीव कासावीस होतो. दोन ओळी, त्यातही एक "सहलीचे आपल्या जीवनात फार महत्त्व आहे" अशी. काय केलं म्हणजे मुलं खरं काहीतरी लिहितील?

उत्तर : तुमच्या मुलांकडे काही कमी नाहीये, त्यांना आपण शिकवतो तो क्रम उलटा आहे. आपण फळ्यावर आधी चौकट आखतो आणि मग म्हणतो भरा, आणि मुलं बिचारी भरतात, कारण रिकामी जागा दिसली की ती भरायची एवढंच त्यांना शाळेने शिकवलेलं असतं. फॉर्मॅट सगळ्यात शेवटी शिकवा. पहिला तास तर वह्या उघडूच नका.

एक विषय घ्या, समजा वर्गाला वस्तुसंग्रहालय बघायला जायचंय आणि तिथल्या व्यवस्थापकांची परवानगी हवीय. आता मुलांना एकच प्रश्न विचारा : हे पत्र वाचून झाल्यावर त्या माणसाने नेमकं काय करायचंय? पहिलं उत्तर येणार "परवानगी देणार". मग पुढे विचारा, परवानगी देणार म्हणजे काय करणार? कुठलं रजिस्टर उघडणार, कुठली तारीख बघणार, त्या दिवशी दुसरी शाळा येतेय का ते तपासणार, माहिती सांगणारा माणूस मोकळा आहे का ते कोणाला तरी विचारणार. आणि हे सगळं करायला त्याला आपल्याकडून काय काय कळायला हवं? इथे वर्गात जीव येतो बघा, मुलं ओरडून सांगायला लागतात, किती जण आहोत, कितवीचे, कुठल्या दिवशी, किती वाजता, किती वेळ थांबणार, सोबत मोठं कोण आहे, तिकिटाचं काय, वर्गात कोणी व्हीलचेअरवर असेल तर रॅम्प आहे का. ते सगळं फळ्यावर जसं येईल तसं लिहून घ्या, आणि मग त्यातलं काय आधी सांगायचं ते त्यांनाच ठरवू द्या. पत्राचा मजकूर तिथे जवळजवळ तयार झालेला असतो.

मग दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवा. एक नेहमीचं :

"आम्हाला आपले संग्रहालय पाहायचे आहे. सहलीमुळे ज्ञानात भर पडते व आनंद मिळतो. तरी आम्हाला परवानगी द्यावी ही नम्र विनंती."

आणि दुसरं :

"आमच्या शाळेतील इयत्ता आठवीचे ४२ विद्यार्थी व ३ शिक्षक आपले संग्रहालय पाहू इच्छितात. इतिहासाच्या पुस्तकात आम्ही जुन्या नाण्यांविषयीचा पाठ नुकताच शिकलो असून आपल्याकडील नाण्यांचे दालन आम्हाला विशेषतः पाहायचे आहे. शुक्रवार, दि. १२ रोजी सकाळी १० ते १२ ही वेळ मिळाल्यास सोयीचे होईल. त्या दिवशी शक्य नसल्यास पुढील आठवड्यातील कोणताही दिवस चालेल. नाण्यांची माहिती सांगण्यासाठी अर्ध्या तासापुरते मार्गदर्शक मिळावेत, अशीही विनंती आहे. आमच्यातील एक विद्यार्थिनी चाकांची खुर्ची वापरते, तरी वर जाण्यासाठी लिफ्ट किंवा उतार आहे का, हे कृपया कळवावे."

आता मुलांना सांगा, तुम्ही व्यवस्थापक आहात, दोन्ही पत्रं टेबलावर आलीयेत, कुठल्याला आज उत्तर देता येईल? पहिल्याला उत्तर द्यायचं म्हणजे आधी उलट चार प्रश्न विचारणारं पत्र पाठवावं लागेल, आणि कामाच्या गडबडीत ते राहूनच जाईल. हे एकदा मुलांच्या ध्यानात आलं की "जीवनातील महत्त्व" वाली वाक्यं आपोआप गळून पडतात, तुम्हाला लाल पेन काढावंच लागत नाही.

दुसऱ्या पत्रातलं "त्या दिवशी शक्य नसल्यास" हे वाक्य मुलांना मुद्दाम दाखवा. समोरच्याला दुसरा रस्ता मोकळा ठेवला की सरळ "नाही" म्हणायची वेळ त्याच्यावर फार कमी येते. आणि नाण्यांचा पाठ शिकलो हे जे कारण आहे ते फक्त त्याच वर्गाचं आहे, दुसऱ्या कुठल्या शाळेच्या पत्रात ते जसंच्या तसं चालणार नाही. चांगल्या कारणाची खूण माझ्या मते हीच.

प्रश्न : मागणीपत्र आणि विनंतीपत्र यात मुलं कायम घोळ घालतात. सोपा फरक सांगा ना.

उत्तर : मागणीपत्रात आपण वस्तू मागवतो, बहुतेक वेळा पैसे देऊन. विनंतीपत्रात परवानगी, मदत, वेळ, सवलत असं काहीतरी मागतो जे द्यायचं की नाही हे समोरच्याच्या हातात असतं. म्हणून मागणीपत्राचा सगळा भार यादीवर. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रती किती, कोणत्या तारखेपर्यंत हव्यात, कुठे पोचवायच्या, बिल कोणाच्या नावाने, पैसे कसे देणार. तिथे वाचनाचं महत्त्व सांगत बसायची गरज नाही, दुकानदार पुस्तकं विकायलाच बसलेला आहे. विनंतीपत्राचा भार कारणावर, कारण तिथे समोरच्याने हो का म्हणावं हे आपल्याला सांगायचं असतं. मागणीपत्रात शेवटी सवलत मागितली की तेवढ्या भागापुरती ती विनंती झाली, आणि तिथेच मुलं गोंधळतात. त्यांना सांगा की एका पत्रात दोन्ही येऊ शकतं, फक्त विषयाच्या ओळीत मुख्य काम काय ते लिहा.

आणि यादी असेल तर तक्ता करू द्या. औपचारिक पत्रात तक्ता चालत नाही असं कोणीतरी मुलांच्या डोक्यात भरवून दिलेलं असतं, उलट दहा पुस्तकांची नावं स्वल्पविराम देत एका परिच्छेदात कोंबली तर वाचणारा हमखास एखादं चुकवणार.

प्रश्न : माझा मुलगा विनंतीपत्रात "आपण थोर मनाचे आहात", "मी आपला आजन्म ऋणी राहीन" असं काय काय लिहितो. त्याला वाटतं यानेच काम होतं. उलट मुलगी लिहिते ते ऑर्डर सोडल्यासारखं वाटतं, "आम्हाला ग्राउंड द्या, उद्यापर्यंत कळवा". दोघांना कसं सांगू?

उत्तर : दोघांची अडचण एकच आहे, मराठीत मान कुठे ठेवायचा असतो ते त्यांना माहीत नाहीये. मराठीत तो क्रियापदात असतो. "मैदान द्या" आणि "मैदान द्यावे" यात अक्षर एकच वाढतं पण ऐकणाऱ्याला लगेच फरक कळतो. हा विध्यर्थ, द्यावा, द्यावी, द्यावे, आणि विनंतीपत्राचं सगळं काम त्याच्यावर चालतं. त्याहून एक पायरी मऊ म्हणजे "मिळावे". "आम्हाला मैदान मिळावे" म्हटलं की समोरच्याला कोणी काही करायला लावतंय असं वाटतच नाही. तर तुमच्या मुलीला ही तीन रूपं मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, "द्या", "द्यावे", "मिळावे", आणि मग कुठलं कोणाला बोलशील ते विचारा. मैत्रिणीला, काकूंना, शाळेच्या मुख्याध्यापकांना. ती पटकन पकडेल, मुलांचा कान फार तयार असतो.

तुमच्या मुलाला सांगा की आदरासाठी तीन गोष्टी पुरतात : पूर्ण पत्रात "आपण", क्रियापद विध्यर्थी, आणि शेवटी एकदा "ही विनंती". "कृपया" एका पत्रात एकदा, फार तर दोनदा. स्तुती केली की वाचणाऱ्याला वाटतं मूळ कारण कच्चं असावं. त्याला सांगा की ऋणी राहण्यापेक्षा आपण काय करणार ते लिही, "मैदान वापरून झाल्यावर आम्ही स्वच्छ करून देऊ", "चावी संध्याकाळी ६ वाजता परत आणून देऊ". हे वाचून जो विश्वास बसतो तो थोर मनाच्या वाक्याने नाही बसत.

आता यातच एक व्याकरणाची गोष्ट, कारण पेपर तपासणारे सगळेच हिच्यापाशी अडतात. विध्यर्थी क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं आणि मुलं सरसकट "द्यावे" ठोकून देतात. परवानगी द्यावी, संगणक द्यावेत, खुर्च्या द्याव्यात, पुस्तके द्यावीत. यात "वेळ" हा शब्द तर खास आहे, कारण तो दोन्ही लिंगांत चालतो आणि अर्थ बदलतो : अर्ध्या तासाचा वेळ द्यावा, पण भेटीची वेळ द्यावी. पाच मिनिटं रोज, तोंडी, तुम्ही नाम म्हणा आणि त्यांनी "द्यावा-द्यावी-द्यावे" जोडावं. आठवडाभरात फरक दिसतो.

आणि बोलताना आपण "पुस्तकं", "मुलं", "झालं" म्हणतो, औपचारिक पत्रात ते "पुस्तके", "मुले", "झाले" होतं. मुलांना हे चूक-बरोबर म्हणून सांगू नका. घरात बोलायची मराठी आणि कचेरीत लिहायची मराठी, दोन्ही आपल्याच आहेत आणि दोन्ही यायला पाहिजेत.

प्रश्न : मी दहावीत आहे. मला मायन्याचे डाउट आहेत. समोर बाई आहेत का पुरुष माहीत नसेल तर काय लिहायचं? सा. न. वि. वि. लिहिलं तर चालेल का? "विश्वासू" लिहायचं का "आज्ञाधारक"? आणि पत्र ईमेलने पाठवायचं असं प्रश्नात असेल तर वेगळं काय करायचं?

उत्तर : एकेक बघू. नाव माहीत नसेल तर पदाला पत्र लिही, "प्रति, मा. व्यवस्थापक" आणि खाली संस्थेचं नाव-पत्ता. मग "महोदय / महोदया" असं दोन्ही लिहिलं तर कोणाची हरकत नसते. "मा." म्हणजेच माननीय, त्यामुळे "मा. माननीय" असं कधी लिहू नकोस, फार मुलं लिहितात.

सा. न. वि. वि. म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. ते घरच्या, ओळखीच्या मोठ्या माणसांना. कचेरीला, दुकानाला, संस्थेला "महोदय" पुरे, आणि त्यापुढे थेट मुद्दा. "आपण कुशल असाल अशी आशा" हे पण तिथे नको.

स्वतःच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना लिहितेस तेव्हा "आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी" शोभतं. बाहेरच्या कोणालाही "आपली विश्वासू". मुलगी आहेस तर "आपला" लिहू नकोस, पाठ केलेल्या नमुन्यातलं जसंच्या तसं उतरवलं की ही चूक होते आणि तपासणाऱ्याला तेवढ्यावरून कळतं की पाठ केलंय. पण प्रश्नात "विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने" म्हणून एखाद्या मुलाचं नाव दिलं असेल तर मात्र त्या नावाप्रमाणे लिही आणि खाली तेच नाव, स्वतःचं नाही.

विषयाची ओळ वाक्य नसते, ती "-बाबत" ने संपते : "वाचनालयाची वेळ वाढवून मिळण्याबाबत". जुन्या कागदांत "मिळणेबाबत" दिसेल, आता "मिळण्याबाबत" लिही. त्या ओळीत काय हवंय ते यायलाच पाहिजे. नुसतं "विषय : विनंतीपत्र" लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळलं नाही.

ईमेलमधे विषय वरच्या विषयाच्या जागेत जातो. खऱ्या ईमेलमधे मजकूर रिकामा ठेवून फक्त फाइल जोडून पाठवायची सवय लावून घेऊ नकोस, दोन-तीन ओळींत काय पाठवलंय ते मजकुरात लिही आणि "सोबत : विद्यार्थ्यांची यादी" असं खाली नोंदव. शेवटी पूर्ण नाव, इयत्ता, शाळा, कारण ईमेलच्या पत्त्यावरून तू कोण ते कळत नाही. आणि संपर्कासाठी शाळेचा फोन दे, स्वतःचा किंवा घरचा देऊ नकोस. परीक्षेत मांडणी तुझ्या पाठ्यपुस्तकातल्या नमुन्याप्रमाणेच ठेव, तारीख उजवीकडे का डावीकडे यावर वेळ घालवू नकोस.

प्रश्न : हल्ली पूर्ण वर्गाची पत्रं एकसारखी येतात. कोणी नेटवरून उतरवतं, कोणी एआयला सांगून घेतं. भाषा एकदम छान पण मुलांना काही आलेलं नसतं. बंदी घालावी का?

उत्तर : बंदीने फार काही होणार नाही, घरी कोण बघायला जाणार. त्यापेक्षा असा विषय द्या की ज्याची माहिती नेटवर नाहीच. तुमच्या शाळेतल्या वाचनालयात कुठली खिडकी बंद होत नाही, कुठल्या नळाला पाणी येत नाही, पाचवीची मुलं मधल्या सुट्टीत खेळायला गेली की मैदानावर कोण असतं. मुलांना आधी जाऊन बघून यायला सांगा, मोजायला सांगा, दोन लोकांशी बोलायला सांगा. मग मशीनने वाक्य गुळगुळीत करून दिलं तरी माल त्यांचाच असेल.

आणि एक खेळ सांगते जो मला पत्रलेखनाच्या सगळ्या धड्यांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो. वर्गाचे दोन भाग करा. अर्धे पत्र लिहिणारे, अर्धे कचेरी. कचेरीत एकजण आवक-जावक बघणार, आलेल्या पत्रावर तारीख आणि आवक क्रमांक टाकून पोच देणार. बाकीचे अधिकारी. प्रत्येक पत्रावर त्यांनी शेरा मारायचा, तीनच पर्याय : मंजूर, नामंजूर, माहिती अपुरी. आणि शेऱ्याचं कारण एका ओळीत लिहायचं, बंधनकारक. "अक्षर खराब" हे कारण चालणार नाही. "किती मुले येणार ते लिहिलेले नाही" हे चालेल. "मैदान त्या दिवशी दुसऱ्या वर्गाला दिले आहे" हे पण चालेल, आणि ते तर फार छान, कारण मग लिहिणाऱ्याला कळतं की आपलं पत्र अगदी व्यवस्थित असूनही नकार येऊ शकतो.

पहिल्या फेरीत बहुतेक पत्रांवर "माहिती अपुरी" पडतं. पत्र परत, दुरुस्ती, पुन्हा कचेरीत. मग दुसऱ्या तासाला बाजू बदला. जी मुलं कचेरीत बसून आलीयेत त्यांची पत्रं बघा तुम्ही, काहीही न सांगता ती नेमकी झालेली असतात, कारण अपुऱ्या पत्राचं काय करायचं या पेचात ती स्वतः पडून आलीयेत. कोणाकडून तरी लिहून आणलेलं पत्र पण इथे टिकत नाही, कचेरीने प्रश्न विचारला की उत्तर ज्याचं त्यालाच द्यावं लागतं.

वेळ असेल तर कचेरीला उत्तराचं पत्र पण लिहू द्या. नकार सभ्यपणे कसा कळवायचा, हे शाळेत कोणीच शिकवत नाही आणि मोठेपणी सगळ्यांनाच लागतं.

प्रश्न : मी मुख्याध्यापक आहे. आमच्या एक शिक्षिका मुलांकडून खरोखरची पत्रं लिहून घेऊन बाहेरच्या संस्थांना, अधिकाऱ्यांना पाठवायचं म्हणतात. मला वाटतं मुलांनी असं थेट मोठ्यांना लिहिणं बरं दिसत नाही, शाळेकडून पत्र जावं. आपलं मत?

उत्तर : सर, तुमची काळजी समजते, उद्या काही चुकीचं लिहिलं गेलं तर बोल शाळेला लागणार. म्हणून तपासणी शाळेची असावी, सोबत मुख्याध्यापकांचं दोन ओळींचं पत्र जावं, आणि मुलांचे घरचे पत्ते-फोन त्यात नसावेत. पण पत्र मुलांचंच जाऊ द्या, हे मी आग्रहाने सांगते. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा जो करार स्वीकारला त्याच्या १२ व्या कलमात हेच आहे, की मुलांशी संबंधित बाबींत त्यांना आपलं मत मांडता यावं आणि त्यांचं वय आणि समज बघून त्या मताला वजन मिळावं. विनंतीपत्र हा त्याचा सगळ्यात शांत, सगळ्यात शिस्तीचा मार्ग आहे.

तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगते. ऑक्टोबर १८६० मधे अमेरिकेतल्या वेस्टफील्ड नावाच्या गावातून ग्रेस बेडेल या अकरा वर्षांच्या मुलीने अब्राहम लिंकनना पत्र लिहिलं. ते तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे होते. तिची विनंती काय, तर तुम्ही दाढी वाढवा. कारण दिलं, तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढीने बरा दिसेल, बायकांना दाढी आवडते आणि त्या आपापल्या नवऱ्यांना तुम्हाला मत द्यायला लावतील. बायकांना तेव्हा मताचा अधिकार नव्हता हे लक्षात घ्या, म्हणजे मुलीने किती नेमका विचार केला होता. पुढे तिने लिहिलं की मला चार भाऊ आहेत, त्यातले काही तुम्हाला मत देणारच आहेत, तुम्ही दाढी वाढवलीत तर उरलेल्यांना मी तयार करायचा प्रयत्न करीन. तुम्हाला उत्तर लिहिणं जमत नसेल तर तुमच्या मुलीला लिहायला सांगा, असंही लिहिलं, आणि उत्तर कुठल्या पत्त्यावर पाठवायचं तोही दिला. १५ तारखेचं पत्र, लिंकननी १९ तारखेला स्वतः उत्तर लिहिलं. मुलगी नाही, तीन मुलगे आहेत असं सांगितलं, आणि दाढीबद्दल शंका काढली, की आता एकदम वाढवली तर लोकांना तो खुळा दिखावा नाही का वाटणार. वचन काही दिलं नाही. पण फेब्रुवारी १८६१ मधे शपथविधीसाठी वॉशिंग्टनला जाताना त्यांची गाडी वेस्टफील्डला थांबली तेव्हा त्यांना दाढी होती, आणि त्यांनी गर्दीत त्या मुलीची चौकशी करून तिची भेट घेतली.

त्या पत्रात स्पेलिंगच्या चुका आहेत, मायना आजच्या परीक्षेत नापास होईल. तरी विनंती, कारण, आपण काय करणार, समोरच्याला सोपी वाट, उत्तराचा पत्ता, हे सगळं आहे. शाळेने घाईने स्वतःच्या लेटरहेडवर लिहून टाकलं असतं तर यातलं काय उरलं असतं, सांगा. तुमच्या त्या शिक्षिकेला परवानगी द्या सर.

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे. इतक्या लवकर औपचारिक पत्र शिकवावं का?

उत्तर : आजारी पडली की रजेची चिठ्ठी तुम्ही लिहिता ना, पुढच्या वेळी तिला लिहू द्या. किती दिवस, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कारण काय, बुडालेला अभ्यास कसा भरून काढणार. चार वाक्यं. खाली तुमची सही. या वयात एवढंच पुरे, आणि त्यात मायना चुकला तर चुकू दे.

प्रश्न : आम्ही खरंच पत्र पाठवलं, सातवीच्या मुलांनी, मोठ्या उत्साहाने. महिना झाला, उत्तर नाही. मुलं हिरमुसलीयेत आणि आता "लिहून काय उपयोग" असं म्हणायला लागलीयेत.

उत्तर : हे वाचून वाईट वाटलं, पण धडा अजून संपलेला नाहीये, स्मरणपत्र राहिलंय. ते पुस्तकात नसलं तरी शिकवाच, कारण बाहेरच्या जगात कितीतरी कामं दुसऱ्या पत्राने होतात. आधी मुलांसोबत तीन गोष्टी तपासा : पत्र ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्याकडेच गेलं होतं का, त्यात उत्तराचा पत्ता होता का, आणि पोच घेतली होती का. यातलं काही राहिलं असेल तर आता भरून काढता येईल.

मग स्मरणपत्र, छोटं. विषयाच्या खाली संदर्भाची ओळ : "संदर्भ : आमचे दि. ... चे पत्र". मजकूर एवढाच, की वरील पत्रान्वये आम्ही अमुक विनंती केली होती, त्याबाबत आपला निर्णय कळल्यास आम्हाला पुढील तयारी करता येईल. "अजूनही", "साधे उत्तरही नाही" असले शब्द नकोत. मुलांना राग आलेला असतो आणि तो पहिल्या कच्च्या मसुद्यात उतरतोच, तर तो मसुदा त्यांना मनसोक्त लिहू द्या, वाचून घ्या, आणि मग विचारा की हे वाचून तो माणूस आपलं काम आधी करेल का शेवटी ठेवेल. दुसरा मसुदा ती स्वतःच शांत करतील.

उत्तर नकाराचं आलं तरी आभाराचं पत्र पाठवा, आणि त्यातच विचारा की अमुकऐवजी तमुक शक्य आहे का. स्मरणपत्रासोबत पहिल्या पत्राची प्रत नक्की जोडा, म्हणजे तिकडे मूळ कागद सापडत नसला तरी काम अडणार नाही. आणि प्रतच ठेवलेली नसेल तर आजपासून वर्गात एक फाइल सुरू करा, गेलेलं प्रत्येक पत्र तारखेसकट त्यात लावायचं, आणि ती सांभाळायचं काम दर महिन्याला एका नव्या मुलाकडे द्या.